कलमाच्या चाकूची सरळ धार

कोकणात पाऊस स्थिरावला की रोपवाटिकांमध्ये हापूसची कलमं बांधायला माणसं बसतात. कोयीतून नुकतं वर आलेलं, तांबूस पानांचं, पंधरा-वीस दिवसांचं रोप हा खुंट. त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीचं बूड दोन्ही अंगांनी तासून पाचर करायची आणि ती चिरेत बसवून वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. हत्यार एकच, मिटून खिशात टाकता येणारा चाकू. आणि त्याची धार सरळच हवी, यावर बांधणारे अडून बसतात. त्यांच्या शेजारी बसून काम पाहिलं की हा हट्ट पटतो.

काडी डाव्या हातात धरलेली असते. पातं मुठीजवळच्या भागापासून टोकाकडे सरकत एका ओढीत काप घेतं. मनगट वळत नाही, सगळा हात कोपरापासून मागे येतो. चारेक सेंटिमीटरचा काप झाला की काडी उजेडाकडे धरायची. काप सपाट असला तर ओल्या लाकडावर उजेड सलग पसरतो. पात्याला पोट असेल, तर कापात कुठे खळगा, कुठे उंचवटा राहतो आणि उजेड तिथे तुटतो. मग ती काडी पुन्हा तासायची.

एवढी काटेकोरी कशासाठी? सालीच्या लगेच आत वाढीचा एक अगदी पातळ थर असतो. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना भिडला तरच जोड धरतो. मध्ये फट राहिली की काप सुकतो किंवा बुरशी शिरते, आणि काही दिवस हिरवी दिसणारी काडी काळी पडते.

या चाकूला धारही एकाच बाजूने लावलेली असते, सुताराच्या पटाशीसारखी. दुसरी बाजू सपाट, ती लाकडावर टेकते आणि पात्याला भरकटू देत नाही. डावखुऱ्यांना त्यामुळे उलट बाजूने धार लावलेला चाकू लागतो. तो आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि चांगल्या हातांवर हा अन्याय आहे असं मला वाटतं.

छाटणीचं गणित मात्र निराळं. तिथे कापाच्या सपाटीपेक्षा फांदी निसटू नये हे महत्त्वाचं. पातं आत वळलेलं असलं की ओढताना फांदी धारेच्या कुशीत येते आणि सुटत नाही. फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत एकोणिसाव्या शतकात छाटणीची कात्री रुळेपर्यंत असेच चोचदार चाकू चालायचे. सव्हॉयमध्ये 1890 साली सुरू झालेल्या ओपिनेलच्या चाकूंत आजही तसं एक पातं आहे. उलट, जपानमधल्या मिकी गावच्या हिगोनोकामी चाकूची धार सरळ. तिकडच्या शाळकरी मुलांनी कित्येक वर्षं त्याने पेन्सिली तासल्या. पेन्सिलीचं टोक म्हणजेही शेजारी शेजारी घेतलेले सपाट कापच.

एकच चाकू जवळ ठेवायचा तर मी सरळ धारेचा ठेवीन. वाकड्या पात्याने कलम साधत नाही, सरळ पात्याने मात्र बारीक फांदी जरा जपून छाटता येते.

पण सरळ धार सरळ राहत नाही, राखावी लागते. बहुतेकांचा धारेचा दगड वर्षानुवर्षं मध्येच घासला जाऊन खोलगट होतो. त्या खळग्यात फिरवलेल्या पात्याला हळूहळू पोट येतं, आणि चाकू धारदार असूनही कलमं का मरतात ते कळत नाही. पारख सोपी आहे. चाकूची धार काचेवर अलगद उभी टेकवून मागच्या उजेडात बघायचं. कुठे फट दिसली, तर काचेवर ओला पॉलिश पेपर पसरून त्यावर आधी दगड घासून सपाट करायचा आणि मगच पात्याला हात लावायचा.