नकाशात नसलेली पाने आणि फसलेले हायबरनेशन

हायबरनेट होताना संगणक मध्येच कोलमडला, की स्वॅपची जागा अपुरी पडली असावी किंवा रॅम बिघडली असावी, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. या शक्यता खऱ्या असतात. परंतु लिनक्समध्ये आणखी एक कारण संभवते, ज्यात रॅम निर्दोष आणि स्वॅप पुरेशी असूनही कर्नल एखाद्या पानापाशी अडतो.

हायबरनेशनमध्ये कर्नल मेमरीतील आवश्यक पानांची, म्हणजे एक्स८६ संगणकावरील ४०९६ बाइटच्या तुकड्यांची, आधी रॅममध्येच दुसरीकडे नक्कल करतो आणि मग ती प्रतिमा डिस्कवर लिहितो. प्रत्यक्ष रॅमपर्यंत पोहोचण्यासाठी तो ‘डायरेक्ट मॅप’ वापरतो, म्हणजे रॅममधील पानांना ठरावीक आभासी पत्ते देणाऱ्या पेज टेबलमधील नोंदी. ज्याची नोंद नाही ते पान रिकामे, हा यातील सर्वांत घातक गैरसमज होय. नोंद काढल्याने रॅममधील मजकूर पुसला जात नाही, फक्त त्या पत्त्यावरून तेथे पोहोचण्याची वाट बंद होते; आणि ती अनेकदा हेतुपुरस्सर बंद केलेली असते, जसे डीबग-पेजअलोक ही तपासणी-सुविधा मुक्त केलेल्या पानांच्या नोंदी काढते, जेणेकरून त्यांना चुकून हात लावणारा कोड जागीच पकडला जावा. उलट कोणते पान प्रतिमेत घ्यायचे, हे मुक्त पानांच्या याद्यांसारख्या वेगळ्या माहितीवरून ठरते. त्यामुळे एखादे पान जतन करण्याजोगे ठरूनही नकाशाबाहेर असू शकते. ते वाचू जाताच पेज फॉल्ट होतो. नक्कल करताना इंटरप्ट बंद असतात, म्हणून असे काही घडणार नाही, हेही खरे नव्हे, कारण पेज फॉल्ट हा खुद्द प्रोसेसरने उभा केलेला अपवाद असल्याने तो त्या बंदीला जुमानत नाही.

अशी पाने वगळावीत हा उपाय सोपा वाटला, तरी त्याने बिघाड फक्त पुढे ढकलला जातो, कारण जागा झालेला कर्नल त्या मजकुरावर विसंबलेला असू शकतो. संरक्षण कायमचे बंद करणेही अनावश्यक आहे. कर्नल-विकासक राफाएल विसॉत्स्की यांनी २००८ मध्ये एक्स८६ साठी केलेली दुरुस्ती नेमकी आणि मोजकी आहे: नक्कल करण्यापूर्वी पान नकाशात आहे का हे पाहावे, नसल्यास तेवढ्यापुरती नोंद घालावी, आणि नक्कल होताच ती पुन्हा काढावी. त्या क्षणी एकच प्रोसेसर चालू असल्याने ही उघडलेली वाट दुसऱ्या कोणाच्या हाती लागत नाही. पुढे सुरक्षेसाठीही कर्नल डायरेक्ट मॅपमधील नोंदी काढू लागला, तेव्हा २०१९ मध्ये, ५.२ आवृत्तीत, हीच तपासणी डीबगच्या सुविधेपलीकडे लागू झाली. प्रत्येक पान तपासल्याने काम मंदावेल ही भीतीही निराधार ठरली. त्या बदलासोबत नोंदवलेल्या मोजणीत प्रतिमा लिहिण्याचा वेग सेकंदाला ८१९.०२ मेगाबाइटवरून ८१३.३२ मेगाबाइटवर आला, म्हणजे घट एका टक्क्याहूनही कमी होती.

मात्र नकाशाबाहेरचे प्रत्येक पान असे उघडून नकलावे, असेही समजू नये. २०२१ मधील ५.१४ आवृत्तीत आलेल्या मेमएफडी-सीक्रेट या सुविधेत प्रोग्रॅमची गुपिते ठेवणारी पाने कर्नलच्याच नजरेआड केली जातात, आणि ती डिस्कवर उतरली तर त्या गुप्ततेला अर्थ उरत नाही. म्हणून अशी पाने वापरात असताना कर्नल हायबरनेशनच नाकारतो, आणि तो नकार दुरुस्त करण्याजोगा दोष नाही.