जनावरांची संपूर्ण भूल : केव्हा द्यावी, केव्हा टाळावी

बैलाचे मोडलेले हाड बसविणे किंवा मोठी गाठ काढणे अशा शस्त्रक्रियेसाठी जनावराला संपूर्ण भूल द्यावी लागते. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण भुलेत जनावर दगावले, असे प्रसंग घडतात. मालकाने पूर्वतयारी नीट केली, तर त्यातील बरेच टाळता येतात.

भूल कशी काम करते?

भुलेचे औषध रक्तावाटे मेंदूत पोहोचते व तेथील पेशींमधील निरोपांची देवाणघेवाण मंदावते. आधी शुद्ध व वेदना हरपते, नंतर स्नायू सैल पडतात. मात्रा जास्त झाल्यास श्वास व हृदयही बंद पडते. म्हणून मात्रा वजनावर ठरते. प्रत्येक जातीची मात्राही वेगळी असते. उदाहरणार्थ, झायलाझीन हे गुंगीचे औषध गाईबैलांना घोड्याच्या सुमारे एक दशांश मात्रेत पुरते.

क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, हे तपासण्यासाठी १८८८ व १८८९ साली हैदराबादेत सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने दोन आयोग बसले. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होते. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून 'श्वास सांभाळा' असा निष्कर्ष निघाला. पुढे १९११ साली हलक्या भुलेतही हृदय अचानक थांबू शकते, हे सिद्ध झाले. म्हणून आज श्वास व नाडी दोन्हींवर लक्ष ठेवतात.

रवंथ करणाऱ्या जनावरांचा धोका

गाईबैलांच्या कोटीपोटात १०० लिटरहून अधिक चारापाणी मावते. भुलेत जनावर आडवे पडले की ढेकर बंद होतो, वायू साचून पोट फुगते व फुप्फुसे दबतात. पोटातील चोथा घशात येऊन श्वासनलिकेत उतरला, तर जनावर गुदमरते किंवा नंतर न्यूमोनिया होतो. यासाठी मोठ्या जनावराचा चारा साधारण २४ तास व पाणी १२ तास आधी बंद करतात. घरच्या बैलाला उपाशी ठेवणे जिवावर येते, हे खरे. पण मायेपोटी गुपचूप टाकलेली पेंडी त्याच्याच जिवावर बेतते. दूध पिणाऱ्या वासराला मात्र इतके उपाशी ठेवू नये.

संपूर्ण भूल कोणाला टाळावी?

१) भरल्या पोटाचे किंवा पोट फुगलेले जनावर. आधी वायू काढावा.
२) शेवटच्या तीन महिन्यांतील गाभण गाय-म्हैस. झायलाझीनने गर्भपाताचा धोका असतो.
३) ताप, खोकला, हृदयविकार किंवा गोचीडतापाने रक्त कमी झालेले जनावर.
४) अतिशय अशक्त, म्हातारे जनावर व लहान वासरू.
५) शेळ्या-मेंढ्यांना झायलाझीन अत्यंत जपून द्यावे लागते.

जीव वाचविण्याची घाई असेल, तर निर्णय पशुवैद्यकाचा. पोट उघडून खिळे-प्लॅस्टिक काढणे, शिंग कापणे, पोट चिरून वासरू काढणे ही कामे बहुधा जागेपुरती भूल देऊन होतात. त्यात धोका कमी असतो.

मालकाने काय करावे?

उन्हाळ्यात शस्त्रक्रिया सकाळी लवकर ठेवावी. जमिनीवर कडब्याचा किंवा गवताचा जाड थर अंथरावा, अन्यथा अंगाच्या भाराने पुढच्या पायाची शीर दबून पाय लुळा पडतो. मानेखाली उशी द्यावी व तोंड उतरते ठेवावे, म्हणजे लाळ बाहेर वाहते. गाभण काळ, आजार व आधी दिलेली औषधे पशुवैद्यकास सांगावीत.

शस्त्रक्रियेनंतर जनावरास लवकर छातीवर बसते करून सावलीत ठेवावे. नीट उभे राहून गिळू लागेपर्यंत नळीने गूळपाणी किंवा औषध मुळीच पाजू नये. आधी थोडे पाणी, मग थोडा हिरवा चारा द्यावा. दूध केव्हापासून वापरावे, हे पशुवैद्यकास विचारावे.

अप्रशिक्षित माणसाकडून गुंगीचे इंजेक्शन कधीही देववू नये. अवघड शस्त्रक्रियेसाठी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालयाशी संपर्क साधावा.