आधी घरातलं झाकण शोधा

अर्धं कापलेलं कलिंगड, वाटीभर उरलेली आमटी, सकाळसाठी मळून ठेवलेली कणीक. अशा गोष्टींवर शहरी स्वयंपाकघरात हल्ली चिकटणारी पारदर्शक फिल्म ताणली जाते. तिच्याऐवजी काय वापरायचं, असं कुणी विचारलं की उत्तरं तयारच असतात: मेणाचं कापड, सिलिकॉनची ताणून बसणारी झाकणं, 'कंपोस्टेबल' फिल्म. या उत्तरांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकासाठी आधी पैसे मोजावे लागतात. कुठल्या पदार्थाला नेमकं काय हवंय, हा प्रश्न मात्र राहून जातो आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात मोठा गैरसमज फिल्मबद्दलचाच. ती चिकटते, म्हणजे आतलं हवाबंद झालं असं वाटतं. या फिल्मची कीर्ती मुळात पीव्हीडीसी नावाच्या प्लास्टिकमुळे झाली. अमेरिकेत डाऊ कंपनीच्या प्रयोगशाळेत राल्फ वायली याला ते 1933 साली अपघाताने सापडलं. ते प्लास्टिक बाष्पही अडवायचं आणि प्राणवायूही. पण ज्या 'सरान' नावाने ते घराघरांत पोचलं, त्या सरान फिल्मसाठीही 2004 मध्ये पीव्हीडीसी सोडून साधं पॉलिथिन वापरायला सुरुवात झाली. पॉलिथिन ओलावा चांगला धरून ठेवतं. प्राणवायू मात्र त्यातून बऱ्यापैकी आरपार जातो. म्हणजे फिल्म मुख्यतः पदार्थ सुकू देत नाही आणि फ्रिजमधले वास थोडे थोपवते. वाटीवर उपडी घातलेली ताटलीही घरगुती वापरापुरतं हेच काम करते.

दुसरी समजूत याच्याच पोटातली: हवाबंद म्हणजे खराब न होणारं. हवा न लागणारेही जंतू असतात. सोललेला लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवली, तर आत प्राणवायू नसल्यामुळेच बोट्युलिझमचं विष तयार करणाऱ्या जंतूंना रान मोकळं मिळतं. अशी बरणी फ्रिजमध्येच हवी आणि तिथेही फार दिवस नको. उरलेल्या भाताचं असंच आहे. शिजवताना न मेलेले जिवाणूंचे बीजाणू भात कोमट राहिला की उठतात. दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात काढून, चार अंशांच्या आसपासच्या फ्रिजमध्ये तो गेला पाहिजे. वर झाकण कशाचं आहे, हा प्रश्न इथे दुय्यम.

आता मेणाच्या कापडाकडे येऊ, कारण त्याचं कौतुक जरा जास्तच झालंय. सुती कापडावर मधमाशीचं मेण, राळ आणि थोडं तेल चढवलेलं असतं. हाताच्या उबेने ते मऊ होतं, वाटीच्या कडेवर दाबलं की बसतं आणि गार झालं की आकार धरतं. अर्धा कांदा, पावाचा तुकडा, काकडी यांसाठी ते छान आहे. 'सगळ्यावर चालतं' हे मात्र खोटं. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. गरम आमटीवर ते टाकायचं नाही, गरम पाण्याने धुवायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ओट्यावर पडलेलं कापड घडीतल्या घडीत चिकटून बसतं. ते उलगडताना मेण एका बाजूचं निघून दुसऱ्या बाजूला जातं. कच्चं मटण किंवा मासळी त्यात गुंडाळू नये, कारण जंतू मारायला हवं तेवढं गरम पाणी त्याला सोसत नाही. नीट वापरलं तर ते वर्षभर टिकतं. पिवळ्या डागांची तयारी ठेवावी, हळद त्यालाही सोडत नाही.

पुन्हा वापरता येतं म्हणजे पर्यावरणाला नक्कीच बरं, हेही गृहीत धरू नये. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये स्वयंपाकघरातल्या अशा बारा वस्तूंचा हिशेब मांडला. त्यातल्या तीन वस्तू ऊर्जा, पाणी आणि तापमानवाढ या तिन्ही कसोट्यांवर टाकाऊ प्लास्टिकशी बरोबरी करू शकल्या नाहीत. बांबूचा स्ट्रॉ, सिलिकॉनची पिशवी आणि हेच मेणाचं कापड, अशा त्या तीन वस्तू. पिशवी आणि कापड यांची तुलना सँडविचच्या टाकाऊ प्लास्टिक पिशवीशी होती. अडचण आली ती धुण्यात: दर वेळी लागणारं पाणी आणि ते तापवायला लागणारी ऊर्जा. तो हिशेब अमेरिकी घरांचा होता. आपल्याकडे भांडी बहुधा गार पाण्यानेच घासली जातात, त्यामुळे आकडे तसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण कचऱ्याचा हिशेब वेगळा आणि पाण्या-ऊर्जेचा वेगळा, एवढं त्यातून दिसतं. आणि घरात असलेला स्टीलचा डबा पुन्हा विकत घ्यावा लागत नाही, हे सांगायला कुठलंही विद्यापीठ नको.

सिलिकॉन उष्णता सोसतं, वर्षानुवर्षं टिकतं; पण ते मातीत कुजत नाही आणि लसणाचा, हिंगाचा वास धरून ठेवतं. लसणाच्या चटणीचं झाकण खिरीवर घालू नका, एवढंच.

फॉइल प्लास्टिक नाही, म्हणून अनेकांना ती निर्धोक वाटते. चिंच, कोकम, टोमॅटो, लिंबू अशा आंबट आणि खारट पदार्थांत अ‍ॅल्युमिनियम उतरतं. लिंबू पिळलेल्या भाताला फॉइल लावून रात्रभर ठेवायचं कारण नाही. वर्तमानपत्राचा कागद तर त्याहून वाईट. शाईतली रसायनं तेलकट भज्यांत सहज जातात, म्हणून 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी अन्न वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली आहे. वडापावची गाडी ती मनाई किती पाळते, हे आपण सगळे पाहतोच.

लेबलांवरही फार विसंबू नये. 'बीपीए-मुक्त' असं फिल्मच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं. बीपीए हा पॉलिकार्बोनेटचा घटक. पॉलिथिनच्या फिल्ममध्ये तो मुळात नसतोच. बघायचंच असेल तर फिल्म पीव्हीसीची आहे का, ते बघा. तिला लवचिक करणारी द्रव्यं लोणी, चीज, तळणीचे पदार्थ अशा स्निग्ध अन्नात उतरतात, आणि गरम असताना जास्त. 'कंपोस्टेबल'चंही तसंच. पीएलएसारखं प्लास्टिक कुजायला साठ अंशांच्या जवळपासची उष्णता सलग लागते. ती औद्योगिक खतप्रकल्पात असते, गॅलरीतल्या कुंडीत नाही.

मग काय वापरायचं? पदार्थागणिक उत्तर वेगळं. कणकेला वारा लागला की वरचा थर सुकतो आणि काळपट पडतो. तेलाचं बोट फिरवून ती बेताच्या आकाराच्या स्टीलच्या डब्यात दाबून बसवली, म्हणजे वर मोकळी जागा उरत नाही आणि फिल्मचं कामही उरत नाही. पोळ्यांना नेमकं उलट हवं असतं. वाफ झाकणाखाली जमून थेंब पडतात आणि सगळ्यात वरची पोळी ओली होते, म्हणून डब्यात सुती फडकं. कोथिंबिरीला ओलावा हवा पण साचलेलं पाणी नको. न धुता, मुळं काढून, किंचित दमट पंच्यात गुंडाळून ठेवली की ती फिल्मपेक्षा बरी राहते. इडलीचं पीठ फुगतं, त्याला घट्ट झाकण लावूच नये. आणि लोणच्याच्या बरणीचा दादरा धूळ अडवतो, दमट हवा नाही. पावसाळ्यात त्याच्याखाली झाकण हवंच.

जुन्या भांड्यांकडे वळतानाही डोळे उघडे असावेत. पितळेच्या डब्याला कल्हई नसेल तर त्यात ताक कळकतं. काचेची बरणी फ्रीजरमध्ये काठोकाठ भरली तर फुटते, कारण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. दोन बोटं जागा रिकामी सोडायची. ओल्या नारळाचा चव किंवा सोललेले मटार यांना ती भीती नाही, पण त्यांना स्टीलचा चपटा डबाच सोयीचा: पातळ थर लवकर गोठतो आणि हवा तेवढाच तुकडा तोडून घेता येतो.