अवकाशातून पृथ्वी (लेखांक ७) : कॅमेरा नसलेले उपग्रह

गेल्या आठवड्यात तलाव आणि नद्या उपग्रहचित्रांत काळ्याभोर का दिसतात ते पाहिले. पाणी अवरक्त किरण शोषून घेते, म्हणून ते वेगळे उठून दिसते. पण ही युक्ती उघड्यावरच्या पाण्यापुरतीच चालते. भारतातले निम्म्याहून अधिक सिंचन जमिनीखालच्या पाण्यावर होते आणि ते कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही. मग ते मोजायचे कसे? त्याचे वजन करून.

मार्च २००२ मध्ये अमेरिका आणि जर्मनीने ‘ग्रेस’ नावाची उपग्रहांची जोडी सोडली. शास्त्रज्ञांनी लाडाने त्यांना टॉम आणि जेरी म्हटले. एकापाठोपाठ एक, सुमारे २२० किलोमीटरचे अंतर राखून ते फिरत. खाली जिथे वस्तुमान जास्त, तिथे गुरुत्वाकर्षण किंचित जास्त. अशा जागेकडे जाताना पुढचा उपग्रह आधी ओढला जातो आणि दोघांतले अंतर वाढते. तो पुढे निघून गेला की तीच जागा त्याला मागे आणि मागच्याला पुढे खेचते, अंतर घटते. हा फरक सूक्ष्मलहरींनी मायक्रॉनच्या घरात मोजला जाई. केसाची जाडी याच्या कितीतरी पट.

असा दर महिन्याला पृथ्वीच्या गुरुत्वाचा एक नकाशा तयार होई. सह्याद्री किंवा हिमालय महिन्याभरात जड-हलके होत नाहीत. भरती-ओहोटी आणि हवेचा भार हिशेबातून वजा केला, की जमिनीवर जो बदल उरतो तो बहुतांशी पाण्याचा.

२००९ मध्ये मॅट रोडेल, इझाबेला वेलिकोन्या आणि जेम्स फॅमिग्लिएटी यांनी ‘नेचर’मध्ये राजस्थान, पंजाब आणि दिल्लीसह हरियाणाचा हिशेब मांडला. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात तिथले १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाले होते. आपल्याकडच्या मापात हे सुमारे ३,८५० टीएमसी होतात, म्हणजे छत्तीस कोयना धरणे. या वर्षांत पाऊस साधारण सरासरीइतकाच होता, त्यामुळे दुष्काळावर बोट ठेवायची सोय नव्हती. हे पाणी मुख्यतः शेतीसाठी उपसले गेले होते.

हा आकडा सांगताना त्याची शेपटी बहुधा गळून पडते. घटीचा दर वर्षाला १७.७ घन किलोमीटर, पण ४.५ इकडे किंवा तिकडे. कारण उपग्रह फक्त एकूण वजनातला बदल सांगतो. त्यातली मातीतली ओल किती आणि भूजल किती, हे संगणकी प्रतिमानांच्या आधारे वेगळे काढावे लागते.

पंजाबला ही गोष्ट आकाशातूनच कळली, असेही नाही. ‘नेचर’मधला तो लेख यायच्या आधीच तिथे १० जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास बंदी घालणारा कायदा झाला होता. विहिरींनी आधीच सांगितले होते. ग्रेसचे खरे काम वेगळे. राज्यांच्या सीमा न मानता, कोणाकडे आकडे न मागता, सगळ्या पट्ट्याची बेरीज त्याने एका फटक्यात केली. माझ्या मते त्याचे मोल या स्वायत्ततेत आहे.

महाराष्ट्रात मात्र हे साधन जपून वापरावे लागते. पंजाबात गाळाचे जाड थर आहेत, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बेसॉल्ट. पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते, पावसाळ्यानंतर विहीर भरते, मे महिन्यात तळ दिसतो. तापीखोऱ्यात गाळ आहे, आणि यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात पाणी खोल गेले आहे हेही सर्वश्रुत आहे. पण तो पट्टा अरुंद. ग्रेसची नजर काहीशे किलोमीटरच्या टप्प्यावरच स्थिरावते, त्याला तालुका दिसत नाही. इथे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसे निरीक्षण विहिरींत टेप सोडून वर्षातून चार वेळा जी पातळी नोंदवतात, तिला पर्याय नाही. तालुक्याचे पाणी किती उरले, असे कोणी ग्रेसच्या नकाशावरून सांगू लागला तर खुशाल शंका घ्यावी.

ग्रेसचे काम २०१७ मध्ये थांबले. मे २०१८ मध्ये त्याची वारसदार जोडी झेपावली. तिच्यावर सूक्ष्मलहरींबरोबर लेसरनेही अंतर मोजण्याची सोय आहे.

पाणी उपसल्यावर काही ठिकाणी जमीनच खचते. मेक्सिको सिटीत हे कसे घडते आणि रडार ते सेंटिमीटरहूनही बारीक मापाने कसे पकडते, ते पुढच्या आठवड्यात.