खोक्यावरचा आकडा आणि घरातला वेग

खाली दुकान आणि वर घर, अशा पेठेतल्या जुन्या वास्तूत एकाच राउटरवर दोन संसार चालतात. खाली बिलाचा संगणक, प्रिंटर, कॅमेरे. वर मुलांचा अभ्यास, सुनेची कार्यालयीन बैठक, आजोबांचा टॅबलेट. वेग मंदावला की घरात एकच ठराव होतो : राउटर बदलावा. महागडा राउटर येतो, आणि पुष्कळदा परिस्थिती जैसे थे राहते.

याचे कारण साधे आहे. बिनतारी जाळे हा दोन पक्षांमधील संवाद असून तो दोघांनाही येणाऱ्या भाषेतच होऊ शकतो. ही भाषा म्हणजे ८०२.११ हे मानक. १९९७ साली ते प्रथम आले, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला अवघा २ मेगाबिट होता. पुढे बी, जी, एन, एसी अशी अक्षरांची माळ लांबत गेली. ग्राहक गोंधळू लागला, तेव्हा २०१८ मध्ये वायफाय अलायन्सने सुटसुटीत क्रमांक दिले : एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६. २०२४ पासून ७ क्रमांकाची प्रमाणित उपकरणेही येऊ लागली.

नवा राउटर जुन्या उपकरणाला सहसा नाकारत नाही. मात्र त्याच्याशी जुन्याच भाषेत बोलतो. वायफाय ४ चा फोन वायफाय ६ च्या राउटरला जोडला, तरी तो ४ चाच राहतो. शिवाय हवा सर्वांची सामायिक. गल्ल्यापाशी एखादा गिऱ्हाईक सुटे पैसे सावकाश मोजत बसला की मागची रांग खोळंबते, तसेच येथे घडते. एकाच फेरीत अनेकांना थोडे थोडे देण्याची युक्ती वायफाय ६ मध्ये आहे, पण तिचा लाभ ती भाषा जाणणाऱ्या उपकरणांनाच.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती बऱ्यापैकी ओलांडतो. पण तेथे शेजाऱ्यांच्या राउटरांची, ब्लूटूथची आणि मायक्रोवेव्हची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, परंतु जाड भिंतीपुढे लवकर थकतो. स्वस्त कॅमेरे, स्मार्ट प्लग आणि अनेक प्रिंटर यांना केवळ २.४ कळतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असले आणि फोन ५ वर असला, तर असा कॅमेरा जोडताना अडून बसतो, आणि चांगला माल सदोष म्हणून परत जातो. बहुतेक राउटरांत दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे देता येतात. तेवढ्याने काम होते.

आता खोक्यावरचा आकडा. ‘एसी१२००’ हे वाचून १२०० मेगाबिट मिळतील असे वाटते. प्रत्यक्षात २.४ वरील ३०० आणि ५ वरील ८६७ यांची ती बेरीज, तीही वर सरकवून पूर्ण केलेली. वायफाय ७ च्या आधीचे उपकरण एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलते, म्हणजे ही बेरीज त्याच्या पदरी कधीच पडत नाही. वजनात पिशवीही धरावी, त्यातलाच हा प्रकार. त्याहून मोठी मेख मागच्या बाजूस असते : या वर्गातील कित्येक स्वस्त राउटरांचे तारेचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. इंटरनेटची योजना ३०० ची घेतली, तरी दारातून १०० पेक्षा जास्त आत येणार नाही. म्हणून रंगीत अँटेनांची संख्या मोजण्याऐवजी ‘गिगाबिट पोर्ट’ हे शब्द शोधावेत.

सुरक्षेतही जुन्या-नव्याची हीच गाठ पडते. डब्ल्यूपीए३ हे नवे कुलूप. केवळ तेच लावले तर जुना प्रिंटर बाहेर राहतो. त्यासाठी डब्ल्यूपीए२ आणि ३ यांचा मिश्र पर्याय असतो. मात्र एखाद्या जुन्या यंत्रासाठी डब्ल्यूईपीकडे मागे जाणे सर्वथा अयोग्य. ते कुलूप २००१ मध्येच फुटले आहे. गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचेच असेल, तर पाहुण्यांचे स्वतंत्र जाळे सुरू करावे. ज्या जाळ्यावर बिलाचा संगणक आणि हिशेब आहेत, त्याचा पासवर्ड दुकानाच्या भिंतीवर चिकटवू नये.

वरच्या मजल्यासाठी दुसरा राउटर घेण्याआधी जिन्यातून एक तार नेता येते का, हे पाहावे. स्लॅब ओलांडण्यात कोणतेही मानक तारेची बरोबरी करत नाही, आणि टीव्ही व बिलाचा संगणक तारेवर गेले की उरलेल्यांना हवेत जागा होते.