गच्चीवरचा लाल माठ

रोपवाटिकेत एक झाड हमखास नजरेत भरते. खाली तांबूस-हिरवी पाने, त्यावर किरमिजी आणि अगदी शेंड्याला पिवळ्या, केशरी, गुलाबी पानांचा झुपका. लांबून ते मोठे फूल वाटते. जवळ गेल्यावर कळते की सगळी करामत पानांचीच आहे. कुंडीला लावलेल्या चिठ्ठीवर ‘अमॅरँथस’ असे लिहिलेले असते. नाव परके असले तरी झाड घरचेच आहे. शास्त्रीय भाषेत हा अमॅरँथस ट्रायकलर, आणि मंडईत जुडीने मिळणारा, गोव्यात ‘तांबडी भाजी’ म्हणून ताटात येणारा लाल माठही अमॅरँथस ट्रायकलरच. एकाच जातीचे काही वाण माणसाने चवीसाठी निवडत नेले, काही रंगासाठी. जपानी भाषेत या शोभेच्या माठाला ‘हागेइतो’ म्हणतात, म्हणजे पानांचा कोंबडा. आपल्याकडच्या कोंबड्याच्या फुलाशी त्याचे नाते खरेच जवळचे आहे.

राजगिराही याच प्रजातीतला. उपवासाला चालणारा हा दाणा मूळचा मेक्सिकोचा, पण त्याचे गडद लाल किंवा सोनेरी तुरे बागेतही शोभतात. किराणा दुकानातला कच्चा, न फुलवलेला राजगिरा चिमूटभर पेरून पाहावा. बहुतेक वेळा तो उगवतो आणि दहा रुपयांत पुरुषभर उंचीची, तुऱ्यांची झाडे मिळतात. लांब लाल शेपटासारखे तुरे लोंबणारा आणखी एक प्रकार, अमॅरँथस कॉडेटस, बियांच्या पाकिटांतून मिळतो. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात तो धान्य म्हणून पिकवतात आणि त्याला किविचा म्हणतात.

बियांपासून माठ वाढवणे सोपे आहे, पण पहिले पंधरा दिवस जपावे लागते. बी जेमतेम एक मिलिमीटरचे, काळे आणि चकचकीत. एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक बिया भरतात. इतक्या लहान दाण्यात अंकुराला पुरेल असा साठा थोडाच असतो, त्यामुळे बोटभर खोल पुरलेले बी वर येण्याआधीच संपते. बी बारीक कोरड्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरावे आणि वरून चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यावा, बी झाकले जाईल एवढाच. पाणी झारीने नव्हे, फवाऱ्याने. याहून चांगला उपाय म्हणजे तळाला भोके असलेला ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून माती खालून ओली होऊ द्यायची. ऊब मिळाली तर तीन ते सात दिवसांत दोन इवली पाने दिसतात.

याच टप्प्यावर अनेकांचा धीर सुटतो. सकाळी ताठ उभी असलेली रोपे संध्याकाळी मातीलगत बारीक होऊन आडवी पडलेली दिसतात. शेतकरी याला रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे मातीतले रोगकारक याला कारणीभूत असतात आणि त्यांना हवी असते साचलेली ओल, दाटी, कोंदट हवा. ‘उन्हाने सुकली’ असे समजून आणखी पाणी घातले जाते आणि उरलेली रोपेही जातात. निचऱ्याची माती, सकाळचेच पाणी आणि वेळेवर विरळणी, एवढे केले तर औषधाची गरज सहसा पडत नाही.

विरळणीत उपटलेली कोवळी रोपे कोशिंबिरीत घालायचा मोह होतो. इथे मात्र सावध राहायला हवे. पाकिटातल्या शोभेच्या बियांना अनेकदा थायरमसारखे बुरशीनाशक चोळलेले असते. गुलाबी किंवा निळी झाक ही त्याची एक खूण, पण ती नेहमी दिसेलच असे नाही, म्हणून पाकिटावरची सूचना वाचावी. अशा बियांची कोवळी रोपे खाऊ नयेत, उरलेले बी पाखरांना टाकू नये आणि घरात त्याचे ‘मायक्रोग्रीन्स’ तर मुळीच करू नयेत. रोपवाटिकेतून विकत आणलेल्या शोभेच्या झाडावर काय फवारले आहे हेही माहीत नसते. ज्याला बाग आणि ताट दोन्ही साधायचे आहे त्याने भाजीच्या लाल माठाचे, प्रक्रिया न केलेले बी घ्यावे. रंग थोडा कमी भडक मिळतो, पण तोही देखणाच असतो.

पेरायचे कधी, याचे उत्तर दिवसाच्या लांबीत आहे. दिवस लहान होऊ लागले की माठ वाढ आवरून तुऱ्याकडे वळतो. पुण्या-मुंबईकडे जूनमध्ये दिवस १३ तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरात सुमारे ११ तासांचा. मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये पेरलेल्या झाडाला वाढायला पुरेसे आठवडे मिळतात आणि श्रावण-भाद्रपदात शोभेच्या माठाच्या शेंड्याला रंग चढू लागतो. ऋषिपंचमीच्या भाजीत घालायला माठाचे जाड देठ तेव्हाच तयार असतात, हा योगायोग नव्हे. नोव्हेंबरात पेरलेले झाड मात्र वीतभर वाढून घाईघाईने तुरा काढते. पहिल्या सरीत बी वाहून कुंडीच्या एका कोपऱ्यात जमते, म्हणून ट्रे आडोशाला ठेवावा आणि चार-पाच पानांवर आलेली रोपे हलवावीत. त्याहून उशीर केला तर सोटमूळ दुखावते.

जागा मात्र भर उन्हाची हवी. ज्वारी, मका, ऊस यांच्यासारखीच माठाची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत ‘सी-फोर’ प्रकारची आहे. कार्बन डायऑक्साइड पानात आधी गोळा करून मग वापरायची ही रीत कडक उन्हात आणि कमी पाण्यात फायद्याची ठरते. पालक त्याच कुळातला, पण त्याच्याकडे ही सोय नाही, म्हणून एप्रिलच्या गच्चीवर पालक मलूल होतो आणि माठ जोमाने वाढतो. सावलीत ठेवलेला शोभेचा माठ हिरवटच राहतो. युरियाचा मारा केला तरी तेच: पाने मोठी, हिरवी आणि रंग फिका. शिवाय जास्त नत्र दिलेल्या माठाच्या पानांत नायट्रेट साठते, म्हणजे रंगही जातो आणि भाजीही बिघडते. कुंडीत एक हिस्सा शेणखत किंवा गांडूळखत पुरते.

आता या लाल रंगाविषयी. ‘लाल माठ रक्त वाढवतो’ हे घरोघरी ऐकू येते आणि त्यामागचा तर्क रंगाचाच असतो. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त घटकामुळे येतो. माठाचा लाल रंग बीटालेन गटातल्या अमॅरँथिन या रंगद्रव्याचा, आणि त्याच्या रेणूत लोहाचा एक अणूही नाही. बीट, बोगनवेल, गुलबाक्षी, कोंबडा, चिनी गुलाब यांचे रंग याच गटातले. जांभूळ किंवा गोकर्णात वेगळी, अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये असतात, आणि ही दोन्ही एकाच वनस्पतीत एकत्र आजवर आढळलेली नाहीत. स्वयंपाकघरात हा फरक पाहता येतो. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळले की ते लगेच जांभळे होते, माठाचे लाल पाणी लालच राहते.

माठात लोह नाही असा याचा अर्थ नाही. लोह आहे, पण ते हिरव्या माठातही आहे आणि रंग पाहून त्याचा अंदाज करता येत नाही. शिवाय पालेभाजीतले लोह मांसातल्या लोहाइतके सहज शोषले जात नाही. भाजीसोबत लिंबू, आवळा किंवा पेरू घेतला तर त्यातल्या क जीवनसत्त्वाने मदत होते, जेवणावर लगेच चहा घेतला तर अडथळा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा वेळी लाल भाजी खातो म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे. भाजीही खावी, गोळ्याही घ्याव्यात. माठाची खरी श्रीमंती अ जीवनसत्त्व देणाऱ्या बीटा कॅरोटीनमध्ये आहे. ते तेलात विरघळते, म्हणून लसणाच्या फोडणीत परतलेली भाजी ही जिभेइतकीच शरीराच्याही सोयीची.

माठात ऑक्झलेट बरेच असते. पाने उकळून पाणी टाकले तर ते कमी होते, अर्थात त्याबरोबर लाल रंग आणि क जीवनसत्त्वही जाते. निरोगी माणसाला रोजच्या प्रमाणात त्याची काळजी नको. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनीही पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू किंवा कमी करू नये, कारण तिच्यातले के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते.

कीड पडतेच. पाने जाळ्याने चिकटवून आत बसणारी हिरवी अळी आणि पानाखाली पांढरे फोड आणणारा पांढरा तांबेरा हे नेहमीचे पाहुणे. चार-सहा कुंड्यांसाठी ती पाने खुडून नष्ट करणे पुरेसे आहे.

दिवाळीच्या सुमारास तुरे सुकू लागतात. तुरा तळहातावर चोळला आणि काळे दाणे सुटले की बी तयार झाले. तुरे कागदावर झटकून, सुपात हलके पाखडून, दोन दिवस सावलीत वाळवून कागदी पुडीत भरावे. माठाचे परागीकरण मुख्यतः वाऱ्याने होते, त्यामुळे शेजारच्या कुंडीत हिरवा माठ असेल तर पुढच्या वर्षी मिश्र रोपे येतील. ती ओळखणे सोपे असते. लाल रंगाची रोपे पहिल्या दोन पानांपासूनच तांबडी दिसतात. ती कुंडीत ठेवायची आणि हिरवी जरा वाढू देऊन भाजीला काढायची.