झाडाचे अन्न

झाड माती खाऊन वाढते, ही समजूत फार जुनी. सतराव्या शतकात फान हेल्माँट या फ्लेमिश वैद्याने ती तराजूत घालून पाहिली. २०० पौंड सुक्या मातीत त्याने ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले व पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती घटली सुमारे दोन औंस! सारी वाढ पाण्याची, असे त्याने ठरविले. आज ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो वायू जळत्या कोळशातून निघतो हे त्यानेच ओळखले होते. पण पाने उन्हात त्याच वायूपासून व पाण्यापासून शर्करा घडवितात, हे त्याच्या ध्यानी आले नाही. ते दोन औंसही त्याने क्षुल्लक मानले. वस्तुतः स्फुरद, पालाश यांसारखी द्रव्ये झाडाला मिळतात ती त्यांतूनच. शेतकरी शेणखत घालतो, तो याच दोन औंसांची भरपाई करण्यासाठी.